बाळाच्या क्लबफूटचा खर्च: हातावर पोट असलेल्या कुटुंबाला मदत कशी करावी

बाळाची पावलं जन्मतःच आत वळलेली (म्हणजे क्लबफूट) दिसली की घरात पहिला प्रश्न निघतो, "ऑपरेशनला किती लागतील?" कर्ज काढायला निघालेल्या आईवडिलांना आधी तिथंच थांबवा. डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांच्या पद्धतीत बहुतेक बाळांना मोठं ऑपरेशन लागतच नाही. दर आठवड्याला पाऊल हलक्या हाताने थोडं थोडं वळवून नवं प्लास्टर घालतात, साधारण ५ ते ७ वेळा. मग बऱ्याच बाळांची टाचेमागचा ताठ स्नायुबंध (टेंडन) बारीक छेद देऊन मोकळा करतात आणि शेवटचं प्लास्टर ३ आठवडे ठेवतात.

म्हणून पैसे जमवण्याआधी ही पद्धत शिकलेला डॉक्टर शोधा. सरकारी रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात चौकशी करा. मिरॅकलफीटसारख्या संस्था अनेक देशांत अशा उपचारांना मदत करतात. जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत सुरुवात झालेली बरी. पण उशीर झाला म्हणून आशा सोडू नका.

आता कुटुंबासोबत बसून खर्च कागदावर मांडा. प्लास्टर फुकट मिळालं तरी दर आठवड्याचं गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी कुणी मोजत नाही, आणि फेऱ्या चुकतात त्या त्याच्यापायी. रुग्णालयाचं बिल तुम्ही परस्पर भरा. भाड्याचे पैसे मात्र तारखेच्या आदल्या दिवशी आईच्या हातात द्या.

सगळ्यात जास्त जपायचा तो ब्रेसचा खर्च. दोन बुटांना जोडणारी ही पट्टी शेवटचं प्लास्टर निघाल्यावर पहिले ३ महिने दिवसाचे २३ तास आणि पुढे बाळ ४-५ वर्षांचं होईपर्यंत झोपताना घालायची असते. पाऊल सरळ दिसू लागतं, बूट लहान होतात, नवे घ्यायला पैसे नसतात, ब्रेस सुटतो आणि पाय पुन्हा वळतो. जमलेल्या पैशांतून बुटांचे पैसे आधी बाजूला काढा. इतर मुलांचे लहान झालेले बूट मिळतील का, तेही उपचार चालू असलेल्या रुग्णालयात विचारा.

मदत मागताना बाळाचा फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय कुठेही पाठवू नका.

आणखी एक रक्कम वेगळी ठेवा. प्लास्टरच्या टोकाला बाळाची बोटं कायम दिसली पाहिजेत. ती आत सरकली किंवा निळी-पांढरी पडली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी निघायचं असतं. त्या फेरीचं भाडं आधीपासून घरात असू द्या.