बदकं पाहायला दुर्बीण कशी घ्यावी: आबांच्या बाराबोअरनं शिकवलेलं

आमच्या आबांकडे दुनाली बाराबोअर बंदूक होती. 'बारा' म्हणजे काय ते त्यांनीच मला समजावलं होतं. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या ओतल्या, तर त्यातली एक जेवढी जाड, तेवढं नळीचं तोंड. जळगाव जिल्ह्यातलं हतनूर धरण झालं नव्हतं, तेव्हा चांगदेवच्या संगमावर, तापी-पूर्णेच्या डोहांत ते हिवाळ्यात बदकं मारायचे. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर शिकारीच्या परवान्यांची वाटच बंद झाली. आबा गेल्यावर बंदूक आम्ही जमा केली. मी त्याच पाण्यावर गेली अठरा वर्षं बदकं पाहतोय. दुर्बीण निवडताना मला जे उपयोगी पडलं, त्यातलं निम्मं आबांनी बंदुकीबद्दल सांगितलेलंच आहे.

त्यांची पहिली अट अंतराची असे. बदकाला चार नंबरचा छर्रा, तितरासारख्या लहान पाखराला सहा किंवा सात. नंबर वाढतो तसा छर्रा बारीक होतो, हे नवख्याला उलटं वाटतं. पण छर्रा कुठलाही असो, पस्तीस-चाळीस यार्डांपलीकडे बार टाकायचा नाही. तिथून छर्रे विखुरतात, पाखरू मरत नाही, जखमी होऊन पाणकणसात शिरतं आणि दोन दिवसांनी तडफडून मरतं. लांबच्या थव्यावर बार काढणाऱ्याला आबा पुन्हा सोबत नेत नसत.

आता हिशोब करा. हतनूरच्या फुगवट्यावर थवा काठापासून दीडशे ते तीनशे मीटरवर बसतो. आठ पट दुर्बिणीतून २८० मीटरवरचं बदक ३५ मीटरवर असल्यासारखं दिसतं. म्हणजे आबांच्या बंदुकीच्या टप्प्यात. तेवढ्यावर तलवार बदकाची शेपटी, थापट्याची फावड्यासारखी चोच, नर भिवई बदकाची पांढरी भुवई सगळं ओळखू येतं. म्हणून माझं सरळ मत: पहिली दुर्बीण ८×४२ घ्या.

पहिला आकडा पटीचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्यानं भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ८×४२ ची सव्वापाच मिलिमीटर, खिशात मावणाऱ्या १०×२५ ची फक्त अडीच. बदकं पाहायची वेळ पहाटेची, डिसेंबरात पाण्यावर धुकं असतं, अशा वेळी अडीच मिलिमीटरमध्ये सगळी पाखरं काळीच दिसतात. उलट ७×५० चा झोत सात मिलिमीटरचा असतो, पण पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या डोळ्याची बाहुली सहसा तेवढी उघडत नाही. जास्तीचा प्रकाश वाया जातो, वजन मात्र गळ्यात राहतं.

दहा पट का नको? हात थरथरतो तोही दहा पट मोठा दिसतो. शिवाय आवाका कमी होतो. हजार मीटरवर आठ पटीच्या दुर्बिणीत साधारण १३० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, दहा पटीत ११० च्या आसपास. थवा उठला की हा फरक कळतो. हात स्थिर असेल आणि अनुभव असेल तर १०×४२ वाईट नाही, पण सुरुवात तिथून करू नका.

मी सुरुवात याहून वाईट केली होती. खोक्यावर '३०×६०' लिहिलेली, लालभडक भिंगांची घडीची दुर्बीण एका विक्रेत्याकडून मागवली. पहिल्याच सकाळी चक्रांग बदक आहे की भिवई, हे दोन तास कळलं नाही. संध्याकाळी डोकं ठणकत होतं. नंतर कळलं की त्या दुर्बिणीच्या दोन नळ्या एका रेषेतच नव्हत्या, आणि खोक्यावरचा आकडाही खोटा होता. पैसे गेल्याचं एवढं वाटलं नाही. हिवाळ्याचा एक अख्खा हंगाम गेला, त्याचं वाईट वाटलं. लाल मुलामा, पट कमी-जास्त करणारी झूमची कळ आणि पस्तीस-चाळीसचे आकडे, या तिन्हींपासून लांब राहा.

आबा बंदूक घेताना डोळे मिटून खांद्याला लावायचे, मग डोळे उघडायचे. नळीच्या टोकाची माशी, म्हणजे नेम धरायचा मणी, बरोबर नजरेसमोर आली तरच दस्ता आपल्या अंगाचा. दुकानात दुर्बिणीचंही तेच करा. आधी नुसत्या डोळ्यांनी समोरच्या पाटीकडे बघा, नजर न हलवता दुर्बीण वर आणा. पाटी लगेच दिसली आणि कडेनं काळ्या सावल्या आल्या नाहीत, तर ती तुमच्या डोळ्यांना बसते. दोन नळ्यांमधलं अंतर दुमडून जुळवा, दोन वर्तुळं मिळून एक झालं पाहिजे. चष्मा असेल तर डोळ्याकडच्या रबरी वाट्या आत करा आणि चष्म्यासकटच पाहा. कागदावर 'आय रिलीफ', म्हणजे डोळा भिंगापासून किती लांब ठेवता येतो ते अंतर, सोळा मिलिमीटर किंवा जास्त असावा.

मग दुर्बीण घेऊन दुकानाबाहेर या. दुकानदार नको म्हणाला तर तिथून घेऊच नका. आकाशासमोरची विजेची तार पाहा. तिला जांभळी-हिरवी किनार जितकी कमी, तितकं भिंग चांगलं. खांबाकडे पाहत दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू लांब न्या. खांबाचे दोन खांब झाले तर नळ्या वाकड्या आहेत. शेवटी ती हातभर लांब धरून डोळ्याकडच्या भिंगातला प्रकाशाचा ठिपका बघा. गोल स्वच्छ असेल तर आतलं प्रिझम सहसा बॅक-४ नावाच्या चांगल्या काचेचं. कडा कापल्यासारखा चौकोनी दिसला तर हलक्या प्रतीच्या काचेचं. आत नायट्रोजन भरलेली, पाणी न शिरणारी मिळाली तर चार पैसे जास्त द्या, काठावरचं दव आणि जुलैचा पाऊस दोन्ही सोसते.

उजव्या डोळ्याजवळची कडी बहुतेक लोक कधी फिरवतच नाहीत. उजवा डोळा झाकून मधल्या चाकानं डाव्यासाठी पाटी स्पष्ट करा. मग डावा झाकून, चाकाला हात न लावता, ती कडी फिरवून उजव्यासाठी स्पष्ट करा. एकदा खूण लक्षात ठेवली की संपलं.

स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिपाईवर लावायची एकनळी दुर्बीण, तिच्याबद्दल बरेच विचारतात. वीस ते साठ पटीचा स्कोप आणि तिपाई असली तर मजा वेगळीच. पण खानदेशात हिवाळ्यातसुद्धा दहा वाजल्यानंतर पाण्यावरची हवा लहरायला लागते आणि साठ पटीत बदक उकळत्या पाण्यात ठेवल्यासारखं हलतं. त्यामुळे स्कोप दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी घ्या.

काठावर सकाळी सूर्य पाठीशी ठेवून बसा. थव्यानं एकदम माना वर केल्या की आपण फार जवळ आलोय, थांबा, दोन पावलं मागे व्हा. ही पाखरं मध्य आशिया आणि सायबेरियाकडून आलेली असतात, त्यांना उगाच उडवू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरात नर अजून माद्यांसारख्याच पिसांत असतात, ओळख पटली नाही तर निराश होऊ नका. फेब्रुवारीत तेच नर रंगात येतात. एकदा जाळं आवरणारे एक भोईदादा नाव थांबवून म्हणाले, "भाऊ, काय पाही राह्यले?" मी दुर्बीण त्यांच्या हातात दिली. रोज ज्यांच्यामधून नाव नेतात ते चक्रवाक त्यांनी बराच वेळ पाहिले, आणि त्या दिवसापासून थवा कुठे बसलाय ते मला फोन करून सांगतात.

आबांच्या छर्‍यांबद्दल एक गोष्ट मनाला लागते. बदकं दाणे दळायला चिखलातले खडे गिळतात. त्या चिखलात पडलेले शिशाचे छर्रेही ती खडे समजून गिळतात, आणि पोटात शिसं भिनून मरतात. अमेरिकेत याचमुळे १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्‍यांना देशभर बंदी आहे, तिथे पोलादी छर्रे वापरतात. पोलाद हलकं, म्हणून दोन नंबर जाड छर्रा घ्यावा लागतो. आबांना हे कुणी सांगितलं असतं तर त्यांनी नक्की ऐकलं असतं.

दुर्बिणीची निगा थोडीच. भिंग उपरण्यानं कधी पुसू नका. आधी फुंकणीनं धूळ उडवा, मग मऊ कापड. पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते, ती एकदा आत गेली की निघत नाही. मी जून ते सप्टेंबर दुर्बीण आबांच्या काडतुसांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतो. झाकणाला रबराची पट्टी लावून घेतली आहे, आत सिलिका जेलच्या चार पुड्या असतात, त्या दर महिन्याला बदलतो.