शीट म्युझिकवरचा खर्च कमी कसा करावा

शीट म्युझिक, म्हणजे पाश्चात्य संगीताची लिहिलेली स्वरलिपी, हवं म्हटलं की ‘नेटवर शोधा, सगळं फुकट मिळतं’ हा सल्ला ऐकून ऐकून कान किटले. फुकट मिळतंच. प्रश्न असतो मिळालेल्यातलं वाजवण्याजोगं कोणतं हा. चुकीची प्रत हातात बसली की ती विसरण्यात शिक्षकांकडचे तास जातात, आणि ते काही फुकट नसतात.

आधी संगीतकाराचं मृत्यूवर्ष बघा. भारतात मृत्यूनंतर ६० वर्षं, युरोपात ७० वर्षं कॉपीराइट चालतो. डेबुसी १९१८ मध्ये गेला, तिथे चिंता नाही. शोस्ताकोविच १९७५ मध्ये गेला, त्याचं विकतच घ्यायचं. जुन्या रचनेची नवी अरेंजमेंट, म्हणजे दुसऱ्याने केलेली नवी मांडणी, असेल तर ती करणाऱ्याचा हक्क वेगळा धरायचा.

मग आयएमएसएलपी ही वेबसाइट उघडा. २००६ पासून चालू असलेला हा स्कोअरचा, म्हणजे अशा स्वरलिपीचा, सर्वांत मोठा मुक्त साठा. सभासद नसलात तर डाउनलोडआधी जरा ताटकळत ठेवतात. थांबा, पैसे भरू नका. कोरससाठी, म्हणजे समूहगायनासाठी, सीपीडीएल ही तशीच वेबसाइट बघा.

आता खरी अडचण. एका रचनेच्या पानावर एकाखाली एक डझनभर स्कॅन असतात. कुणी सगळ्यात वरचा उचलतं, कुणी जास्त तारे असलेला. दोन्ही पद्धती बेकार. ताऱ्यांवरून सूर बरोबर आहेत की नाहीत हे अजिबात कळत नाही. फाइलखाली संपादक, प्रकाशक आणि वर्ष लिहिलेलं असतं, ते वाचा. मीही या यादीपुढे बराच काळ गोंधळून बसायचो. आता त्या तीन गोष्टी दिसल्याशिवाय डाउनलोडचं बटण दाबत नाही.

कारण एकोणिसाव्या शतकातल्या संपादकांचा हात फार सैल होता. बाखचा सी मेजर प्रिल्यूड घ्या, ‘वेल-टेम्पर्ड क्लॅव्हियर’ या संग्रहातली पहिलीच रचना. बाखने ३५ बार, म्हणजे उभ्या रेघांनी पाडलेले तालाचे खाने, लिहिले. काही जुन्या आवृत्त्यांत ३६ सापडतात. २२व्या बारमध्ये सगळ्यात खालचा स्वर एफ शार्प, २३व्यात ए फ्लॅट. ही चाल कुणाला तरी खटकली आणि मध्ये खाली ‘जी’ हा स्वर ठेवून एक अख्खा बार घुसवला गेला. श्वेंके नावाच्या संगीतकारावरून तो श्वेंकेचा बार म्हणून ओळखला जातो. फ्रेंच संगीतकार गुनोने याच प्रिल्यूडवर ‘आवे मारिया’ रचली ती या जादा बारासकट, त्यामुळे कित्येकांच्या कानाला तोच बरोबर वाटतो. तेव्हा छापण्याआधी बार मोजा. मिनिटभराचं काम आहे.

संपादकाच्या ढवळाढवळीची दुसरी खूण म्हणजे क्रेशेंडो (आवाज वाढवत नेण्याची खूण), पेडल, मेट्रोनोमचा (लय मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा. मेट्रोनोम आला १८१५ च्या सुमारास, बाख गेला १७५० मध्ये. म्हणजे तो आकडा संपादकाचा. त्याचं मत वाईटच असेल असं नाही, पण ते बाखचं नाही एवढं डोक्यात पक्कं असू द्या.

माझी पद्धत अशी: दोन प्रती घ्यायच्या. एक समग्र संग्रहातली, बाखसाठी १८५१ ते १८९९ दरम्यान निघालेली बाख-गेसेलशाफ्ट या संस्थेची. दुसरी भरपूर फिंगरिंग, म्हणजे कुठला स्वर कुठल्या बोटाने वाजवायचा त्याचे आकडे, असलेली. वाजवायचं पहिलीवरून, दुसरीतलं फिंगरिंग पटेल तेवढंच पेन्सिलीने पहिलीवर उतरवायचं. दोन्हींत स्वर वेगळा दिसला तर आयएमएसएलपीच्या त्याच पानावर हस्तलिखिताचा स्कॅन आहे का बघा, बऱ्याचदा असतो.

कुणीतरी घरी टाइप केलेल्या सुबक, चकचकीत प्रतींपासून जपून. अक्षर देखणं म्हणून स्वर बरोबर असं नसतं. अपवाद आहेत: २०१२ मध्ये आलेली बाखच्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्सची मुक्त आवृत्ती डोळे झाकून घ्या. आणि हो, स्कोअर लिहायचं म्यूजस्कोर हे सॉफ्टवेअर पूर्ण मोफत आहे. पैसे मागते ती त्याच नावाची वेबसाइट. वेगळ्या पट्टीत वाजवायचं असेल तर सॉफ्टवेअरमध्ये स्वतः टाइप करून पट्टी बदला.

छापताना जुन्या स्कॅनचे रुंद समास कापा, नाहीतर ए-फोरवर स्वर मुंगीएवढे होतात.

विकत काय घ्यायचं? नवशिक्यांचं मेथड बुक, आणि जी रचना महिनोन्महिने घासणार तिची चांगली उर्टेक्स्ट, म्हणजे संगीतकाराच्या मूळ लिखाणाला धरून असलेली, आवृत्ती. हानों आणि चेर्नीचे पियानोचे सराव फुकट मिळतात, ते विकत घेणं म्हणजे पैसे फेकणं. सुटी पानं घेण्यापेक्षा संग्रह घ्या, त्यातही जुना चालेल. फक्त व्हायोलिन किंवा बासरी सोनाटाचं जुनं पुस्तक घेताना पियानोच्या प्रतीत खोचलेला वाद्याचा सुटा भाग आत आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा. नेमका तोच हरवलेला असतो.