चरित्र वाचताना हाताशी वही असावी

नागपुरातल्या एका जुन्या वाचनालयातून फार वर्षांपूर्वी मी एक जाडजूड चरित्र घरी आणले होते. कापडी बांधणी सैल झालेली होती आणि पानांच्या कडा तपकिरी पडल्या होत्या. एका पानावर चरित्रनायक मध्यरात्री गच्चीवर एकटाच येरझाऱ्या घालत असल्याचे आणि त्याच्या मनात कोणकोणते विचार येत होते याचे रसाळ वर्णन होते. तिथे समासात कोण्या आधीच्या वाचकाने पेन्सिलीने, बारीक अक्षरात, एवढेच लिहून ठेवले होते : ‘हे त्यांनी कोणाला सांगितले?’ वाचनालयाच्या पुस्तकावर लिहू नये हे खरे. पण त्या अनोळखी वाचकाचा मी ऋणी आहे. चरित्र कसे वाचावे, असे मला कोणी विचारले तर मी आधी तोच प्रश्न पुढे ठेवतो. चरित्रकाराला ही गोष्ट कळली कशी, हे ज्याला वाचता वाचता विचारता येते, त्याला मोठ्या माणसाचे आयुष्य खऱ्या अर्थाने हाती लागते.

पुस्तक उघडल्यावर पहिल्या प्रकरणाकडे धाव घेण्याआधी प्रस्तावना, परिशिष्टे आणि असल्यास तळटीपा चाळून घ्याव्यात. चरित्र केव्हा लिहिले गेले आणि लिहिणाऱ्याचा चरित्रनायकाशी कोणता संबंध होता, या दोन गोष्टी तिथे बहुधा सापडतात. शिवाजी महाराजांविषयीच्या दोन बखरींचे उदाहरण घ्या. कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर महाराजांच्या निधनानंतर वीस वर्षांच्या आत, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला लिहिली. मल्हार रामराव चिटणीसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची, म्हणजे शंभराहून अधिक वर्षे नंतरची. दोन्ही वाचनीय आहेत. पण दोहोंतल्या वाक्यांना सारखेच वजन देऊन चालणार नाही. त्याच वेळी हातातले पुस्तक चरित्र आहे की चरित्रात्मक कादंबरी, याचाही निकाल लावून टाकावा. मराठीत चरित्रात्मक कादंबऱ्यांनी अनेकांना इतिहासाची गोडी लावली, हे मी मनापासून मानतो. मात्र त्यांतले संवाद लेखकाने रचलेले असतात आणि ते भाषणांत, निबंधांत पुरावा म्हणून वापरले जातात तेव्हा ज्यांचे शब्द म्हणून ते सांगितले जातात त्या माणसांवर अन्याय होतो.

आता वहीकडे वळू. दोनशे पानी साधी वही पुरते. डाव्या बाजूला तीन रकाने आखावेत : साल, वय, ठिकाण. उजवे पान प्रश्नांसाठी कोरे ठेवावे. यातला वयाचा रकाना अनेकांना बालिश वाटतो, पण माझ्या अनुभवात सर्वांत जास्त शिकवतो तोच. पुण्यात भिडेवाड्यात १८४८ साली मुलींची शाळा सुरू झाली, हे आपण शाळेपासून पाठ केलेले असते; वहीत वय मांडताना लक्षात येते की जोतीराव तेव्हा एकवीस वर्षांचे होते आणि सावित्रीबाई सतरा वर्षांच्या. तसबिरीतली प्रौढ, गंभीर मुद्रा डोळ्यांसमोरून बाजूला होते आणि आपल्या घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींच्या वयाची दोन माणसे समोर उभी राहतात. त्यानंतर पुढचे प्रकरण आपण वेगळ्याच नजरेने वाचतो.

सालाच्या रकान्यात एक अडचण येते ती शकाची. जुन्या कागदांत आणि त्यांवर आधारलेल्या चरित्रांत शालिवाहन शक दिलेला असतो. त्यात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो. पण शकवर्ष चैत्रात सुरू होत असल्याने पौषाचा उत्तरार्ध, माघ आणि फाल्गुन यांतल्या घटनांना बहुधा ७९ मिळवावे लागतात. जेधे घराण्याच्या सालवार घटनानोंदींत, म्हणजे जेधे शकावलीत, शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ असा नोंदलेला आहे. त्यात ७९ मिळवले की १६३० येते आणि १९ फेब्रुवारी १६३० हीच तारीख आज शासनानेही स्वीकारलेली आहे. मात्र जुन्या चरित्रांत १६२७ हे जन्मसाल सापडेल, कारण शकावली उजेडात येण्यापूर्वी तेच रूढ होते. अशा वेळी जुना चरित्रकार चुकला असे म्हणून पुस्तक बाजूला टाकू नये; त्याच्यासमोर जो कागद नव्हता त्याचा दोष त्याच्यावर येत नाही. फक्त वहीत दोन्ही साले लिहावीत आणि हिशेब करून पाहावा : प्रतापगडाखाली नोव्हेंबर १६५९ मध्ये अफझलखानाला सामोरे जाणारे महाराज एका तारखेनुसार एकोणतीस वर्षांचे ठरतात, दुसरीनुसार बत्तीस वर्षांचे.

उजव्या पानावर आणखी एक नोंद आवर्जून करावी : या माणसाने स्वतः काय वाचले आणि ते पुस्तक त्याच्या हाती कोणी दिले. नागपूरकरांना यासाठी दूर जावे लागत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना लहानपणी कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी आपण लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र भेट दिले. बहुतेक चरित्रांत हा प्रसंग १९०७ सालचा, मॅट्रिक उत्तीर्ण झाल्यानंतरच्या सत्कारसभेतला म्हणून येतो. बाबासाहेबांनी मात्र बुद्ध आणि त्याच्या धम्मावरील आपल्या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत इंग्रजी चौथीची परीक्षा उत्तीर्ण झाल्याचा उल्लेख केला आहे. जवळजवळ पन्नास वर्षांनंतरची आठवण आणि चरित्रकारांनी जुळवलेला क्रम यांत असा फरक पडू शकतो. वाचकाने न्यायनिवाडा करायची घाई करू नये. दोन्ही नोंदी, कोणती कोणाची हे लिहून, शेजारी शेजारी ठेवाव्यात. पुस्तक मिळाले आणि त्याने त्या मुलाच्या मनात घर केले, याविषयी मतभेद नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर जे घडले त्याची एक वाट एका चरित्राच्या पानांतून गेलेली आहे, ही गोष्ट मला आजही त्या परिसरातून जाताना भारावून टाकते.

एक चरित्र वाचून माणूस समजला असे धरून चालू नये. शक्य असेल तिथे तेच आयुष्य दुसऱ्या हाताने लिहिलेले वाचावे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे न. र. फाटक यांनी लिहिलेले चरित्र १९२४ साली आले. त्याआधी १९१० साली रमाबाई रानड्यांच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या होत्या. पहिली पत्नी वारल्यावर, विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या एकतीस वर्षांच्या रानड्यांनी १८७३ मध्ये वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. सार्वजनिक जीवनाच्या बाजूने पाहिले तर हा तत्त्व आणि पितृआज्ञा यांच्यातला पेच आहे आणि त्यावर पुष्कळ वाद झाला. रमाबाईंच्या पुस्तकात मात्र आपण त्या घराच्या आत जातो. तिथे नवरा शिकवतो म्हणून घरातल्या बायकांचा रोष सोसणारी, तरी पाटी खाली न ठेवणारी मुलगी भेटते. ज्या कृत्यासाठी रानड्यांना दोष दिला गेला, त्याच लग्नातून पुढे सेवासदन उभे करणारी स्त्री घडली. यामुळे दोष पुसला जात नाही आणि पुसण्याचा प्रयत्नही करू नये. दोन्ही गोष्टी मनात एकत्र बाळगायला शिकणे हे चरित्रवाचकाचे खरे काम आहे. मात्र आठवणी वाचताना हे ध्यानात असावे की त्या प्रेमाने, पतीच्या पश्चात लिहिलेल्या आहेत. आठवणींना घरातल्या माणसांचा आवाज असतो, पण सालांची खात्री करायला दुसरे पुस्तक लागते.

तरुण वाचकांना मी सुरुवात आपल्याच गावच्या माणसापासून करायला सांगतो, कारण पडताळा घेणे सोपे जाते. नागपूरकरांनी नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसल्यांविषयी वाचावे. इंग्रज अधिकाऱ्यांच्या लिखाणात ते करार मोडणारे, दुटप्पी राजे आहेत. आपल्याकडच्या अनेक लेखकांना ते परक्या सत्तेविरुद्ध उठलेले भोसले वाटतात. वहीत मात्र घटना क्रमाने मांडाव्यात : मे १८१६ मध्ये तैनाती फौजेच्या, म्हणजे इंग्रजांची फौज आपल्या राज्यात ठेवून घेण्याच्या, तहावर त्यांनीच मान्यता दिली, पुढच्या वर्षाच्या आरंभी गादीवरचे राजे परसोजी यांचा संशयास्पद मृत्यू होऊन गादी त्यांच्याकडे आली, नोव्हेंबर १८१७ मध्ये पेशवे आणि इंग्रज यांच्यातली खडकीची लढाई होऊन गेल्यावर पेशव्यांकडून आलेली मानाची वस्त्रे त्यांनी नागपूर दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, रेसिडेंट जेंकिन्स, याचा विरोध असूनही स्वीकारली, २६ आणि २७ नोव्हेंबरला त्यांच्या फौजेची इंग्रजांशी सीताबर्डीची लढाई झाली. पुढे कैद, पलायन आणि १८४० मध्ये जोधपूरला मृत्यू. हा क्रम मांडला की विश्वासघातकी किंवा हुतात्मा, यांपैकी कोणताही एक शब्द नेमका बसत नाही आणि प्रत्येक पायरीवर त्यांच्यापुढे कोणते पर्याय उरले होते, हा प्रश्न आपोआप उजव्या पानावर लिहिला जातो. इंग्रज लेखक रेसिडेन्सीच्या बाजूने पाहत होते, आपले लेखक स्वातंत्र्यचळवळीच्या काळात किंवा तिच्या आठवणीत लिहीत होते. दोघांचीही जागा वहीत नोंदवून ठेवावी.

वाचनाचा वेग याबाबत माझे मत ठाम आहे. चरित्र दिवसाला एका प्रकरणापेक्षा जास्त वाचू नये. उन्हाळ्याच्या सुट्टीत, दुपारी कूलरसमोर बसून सहाशे पाने चार दिवसांत संपवता येतात, पण एका माणसाची साठ वर्षे अशी घाईने ओलांडली की मनात फक्त जन्म, विजय आणि मृत्यू उरतात. मधली कंटाळवाणी वाटणारी वर्षे, कर्जाची, आजारपणाची, अपयशाची, तीच सावकाश वाचावी.

पुस्तक संपले की वही मिटण्यापूर्वी न सुटलेले प्रश्न एका पानावर उतरवून काढावेत आणि त्यांतल्या निदान एकाचे उत्तर प्रत्यक्ष जागी जाऊन शोधावे. अप्पासाहेबांचे चरित्र वाचणाऱ्याने सीताबर्डीचा किल्ला पाहावा. तो लष्कराच्या ताब्यात आहे आणि सर्वसामान्यांसाठी २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या दिवशी खुला होतो. सकाळी लवकर जावे, म्हणजे गर्दी कमी असते. वर पोचल्यावर लहान टेकडी कोणत्या दिशेला आहे ते आधी ओळखावे. लढाईत ती अप्पासाहेबांच्या फौजेतल्या अरब शिपायांनी इंग्रजांकडून काढून घेतली होती आणि तिथून मोठ्या टेकडीवर मारा होत होता. दोन्हींतले अंतर डोळ्यांनी मोजावे आणि पुस्तकातले त्या रात्रीचे वर्णन तिथेच उभे राहून पुन्हा एकदा वाचावे.