हिरवळीवरची भूछत्रं ओळखायला शिकताना

पावसाळ्यात बेळगावच्या टिळकवाडीतल्या एखाद्या मैदानावर खुरपं घेऊन वाकलात, की पाचव्या मिनिटाला कुणीतरी विचारणारच, ‘काय शोधाय लागलैस गं? खायचं असतंय काय ते?’ पहिली काही वर्षं याला एकच उत्तर द्या: ‘माहीत नाही, काकू.’ मी ते दिलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

धारवाडला कर्नाटक विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचं एम.एस्सी. करून मी नुकतीच बेळगावला परतले होते. जुलैच्या झडीनंतर आमच्या कॉलनीतल्या मैदानावर पांढरी, टपोरी भूछत्रं अर्धवर्तुळात उगवली. टोपीवर तपकिरी खवले, देठाला कडं, टोपीखालच्या पट्ट्या पांढऱ्याशुभ्र. मी दोन मोडून घेतली आणि शेजारच्या काकूंना म्हणाले, ‘बाजारातल्या बटनच्याच घराण्यातलं दिसतंय.’ मला शास्त्रातलं कुळ म्हणायचं होतं. त्यांना वाटलं, भाजीला चालतं.

ती भाजी खाल्ल्यावर दोन तासांत काका-काकू दोघांनाही उलट्या-जुलाब सुरू झाले. काकांना उभं राहवेना. रात्र दवाखान्यात सलाईनवर गेली आणि सुदैवाने दोघं सावरली. सकाळी घरी आले तेव्हा टेबलावर, वाटीखाली झाकून ठेवलेल्या टोपीचा ठसा कागदावर उमटलेला होता: मळकट हिरवा, तळ्यातल्या शेवाळासारखा. क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. हिरवळीवरच्या भूछत्रांत असा हिरवा ठसा देणारं हेच नेहमी भेटतं, आणि जगभर लोक चुकून खातात त्यातही हे फार पुढे आहे. कुळाबाबत मी चुकले नव्हते, ते खरंच बटनच्या कुळातलं आहे. पण एकाच कुळात खाण्याचं आणि विषारी दोन्ही असतं, हे मी परीक्षेत लिहिलं होतं आणि काकूंना सांगितलं नव्हतं.

तेव्हा सुरुवात ठशापासून करा. देठ टोपीलगत कापा, टोपी पट्ट्या खाली करून कागदावर ठेवा, वरून पाण्याचा एक थेंब सोडा आणि स्टीलची वाटी उपडी घाला. कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा हवा. ठसा उमटतो तो बीजाणूंचा, म्हणजे भूछत्राच्या बियांसारख्या भुकटीचा, आणि पांढरे बीजाणू पांढऱ्या कागदावर दिसत नाहीत. रात्रभरात टोपीखालची प्रत्येक पट्टी रेघेसारखी उमटते. बटन ज्यात मोडतं त्या अॅगॅरिकसचा ठसा चॉकलेटी येतो, शेणावर उगवणाऱ्या पॅनिओलसचा काळा, अमॅनिटाचा पांढरा. कोवळ्या क्लोरोफायलमच्या पट्ट्याही पांढऱ्याच असतात, त्या जून होतील तशा हिरवट-करड्या होतात. मी फसले ती इथेच. कोवळं भूछत्र एकटं पाहून काही ठरवू नका. त्याच घोळक्यातलं कोवळं, मधलं आणि जून, तिन्ही घ्या.

दुसरी चूक मोडून घेण्याची. बुंधा मातीत राहिला तर निम्मी ओळख मातीत राहते. अमॅनिटाच्या बऱ्याच जातींत बुंध्याशी पिशवीसारखी खोळ असते, देठावर कडंही असतं. त्यांतल्या काहींचं विष यकृत निकामी करतं, शिजवून किंवा वाळवून ते जात नाही, आणि त्रास सुरू व्हायलाच सहा ते चोवीस तास लागतात. मध्ये बरं वाटू लागतं, माणूस घरी परततो, आणि खरी हानी त्याच काळात होत असते. म्हणून खुरप्याने चारी बाजूंनी माती सैल करून पूर्ण उचला. जमिनीतून अंड्यासारखा गोळा निघाला तर उभा चिरून बघा. आत छोट्या छत्रीची आकृती दिसली तर ते भुईफोड (गोळ्यासारखंच राहणारं भूछत्र) नव्हे, कोवळं अमॅनिटा असू शकतं.

भूछत्र विषारी आहे का हे ओळखायला चांदीचं नाणं काळं पडतं का, लसूण काळवंडतो का, किड्यांनी खाल्लंय का, या परीक्षांवर आमच्या भागात अजून विश्वास आहे. तिन्ही चुकीच्या आहेत. हे ठामपणे सांगायला लाजू नका, समोर आजी असली तरी.

माळावर शिकायचं तर खानापूरकडे जा. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला वारुळाची अळंबी येते, कानडीत अणबे. शास्त्रात टर्मिटोमायसिस, ही प्रजाती फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी 1942 साली वेगळी केली. वाळवी वारुळात या बुरशीची अक्षरशः शेती करते. म्हणूनच बटनसारखी खोलीत लावता येत नाही. टोपीच्या मधोमध टोक असतं आणि देठ मुळासारखा खाली, पार वारुळापर्यंत गेलेला. ते मूळ न तोडता काढायला मला अर्धा तास लागला होता, गुडघे चिखलात, आणि काढून बाजूला ठेवल्यावर खड्ड्यात वाळवी धावताना दिसली. ती अळंबी आणणाऱ्या मावश्यांशी बोला. कुठल्या वारुळावर केव्हा येते हे त्यांना माहीत असतं, पुस्तकात ते सापडणार नाही.

नमुने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, घाम सुटून तासाभरात लगदा होतो. कागदात गुंडाळा. आमच्याकडे झडीत ऊन नसतं, म्हणून मी जुन्या चाळणीखाली साठ वॅटचा बल्ब लावून वाळवते. प्रत्येक नमुन्याला तारीख, जागा, कुठल्या झाडाजवळ, वास आणि ताज्या स्थितीतला फोटो हवाच, कारण वाळल्यावर रंग उरत नाही. पुढे यातच काम करायचं असेल तर सूक्ष्मदर्शकाला पर्याय नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत कवकांचा मोठा संग्रह आहे, तो कसा ठेवला जातो हे समजून घ्या. लागवडीकडे ओढा असेल तर हिमाचलमधल्या सोलनची अळंबी संशोधन संस्था. पण त्याआधी एकच मैदान धरा आणि निदान दोन पावसाळे तेच बघा. आमच्या कॉलनीतलं ते अर्धवर्तुळ दुसऱ्या वर्षी वीतभर बाहेर सरकलं होतं आणि त्याच्या कडेचं गवत गडद हिरवं झालं होतं. बुरशी मातीतला पाचोळा कुजवते, नत्र मोकळा होतो, गवत तो घेतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण कळलं ते त्या दिवशी.

काकू आता पावसाळ्यात स्वतःच भूछत्रं आणतात. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, बुंध्याला मातीचा गोळा तसाच, आणि कोवळं, मधलं, जून अशी तीन.