जुनं टेबल सॉ ठेवायचं की बदलायचं?

लालबागच्या आमच्या गाळ्यात अण्णांनी घेतलेलं टेबल सॉ, म्हणजे टेबलाच्या फटीतून वर आलेल्या गोल ब्लेडवर लाकूड चिरायचं मशीन, अजून रोज चालतं. अण्णा गिरणीच्या सुतारखात्यात होते. 1982 चा संप झाला, गिरणी गेली. पुढची चार वर्षं त्यांनी लोकांच्या घरी जाऊन कामं केली आणि मग हे बिडाचं मशीन सेकंडहँड घेतलं. आमचे सगळे देव्हारे, पाट, चौरंग त्यावरच चिरले गेले. त्यामुळे "मशीन जुनं झालंय, नवीन घेऊ का?" असं कुणी विचारलं की मी वय विचारत नाही. नेमकं दुखतंय कुठे, ते विचारतो.

मोटर, पट्टा, बेअरिंग, स्टार्टर हे सगळे सुटे भाग आहेत. नागदेवी स्ट्रीटला आणि लोहार चाळीत एक चक्कर मारली की मिळतात. एवढ्यासाठी मशीन मोडीत काढू नका. प्लग काढा, ब्लेड हाताने वर-खाली हलवून बघा. खटखट लागली किंवा फिरवताना खरखर आली तर बेअरिंग गेलं. आमच्यात 6204 नंबरचं आहे. गेल्या वर्षी दोन बेअरिंग आणि व्ही-बेल्ट बदलला, सगळं मिळून पंधराशेच्या आत. पण नवीन बेअरिंग शाफ्टवर सैल बसलं किंवा ज्या घरात बसतं ते घरच झिजलेलं निघालं, तर मात्र लेथवाल्याचा खर्च आधी विचारून घ्या, कारण तिथून हिशेब बदलतो.

यानंतरची तपासणी घाई न करता करा. ब्लेडच्या एका दाताला मार्करने खूण करा. तो दात पुढे आणा, टेबलावर ब्लेडच्या बाजूने जाणारी लांब खाच असते, तिच्यात गुण्या बसवून दाताला टेकवा. मग तोच दात मागे फिरवा, गुण्या खाचेतून मागे सरकवा आणि पुन्हा टेकवून बघा. दात तोच ठेवायचा, म्हणजे ब्लेड किंचित वाकडं असलं तरी माप फसत नाही. पुढे-मागे साध्या कागदाच्या जाडीएवढा, म्हणजे 0.1 मिलिमीटरचा फरक चालेल. जास्त असेल तर टेबलाचे बोल्ट सैल करून सरळ करा. आमच्याकडे अर्धा सूत, म्हणजे जवळपास दीड मिलिमीटर फरक निघाला होता! कित्येक वर्षं फळी करपायची आणि आम्ही ब्लेडला दोष देत होतो. गाईड, म्हणजे फळी जिला टेकवून पुढे सरकवतो ती पट्टी, हेही याच खाचेशी समांतर हवं. ते मागच्या बाजूला ब्लेडकडे झुकत असेल तर लाकूड दाबलं जातं.

स्टार्टर नो-व्होल्ट कॉइलचा, म्हणजे वीज गेली की सुटणारा आणि पुन्हा बटण दाबेपर्यंत चालू न होणारा आहे का, तेही बघा. साधं बटण असेल तर एमसीबी पडल्यावर कुणी तो वर केला की ब्लेड आपोआप फिरायला लागतं. हे काम आजच करून घ्या, मशीन ठेवणार असाल किंवा नसाल तरी.

आता खरा मुद्दा. 2016 साली गणपतीच्या आधी, घाईच्या दिवसांत, आमचा हाताखालचा पोरगा सागाची फळी चिरत होता. लाकडातला ताण सुटला आणि चिरलेली फट ब्लेडमागे मिटली. मागचे दात वर येत असतात. त्यांनी फळी उचलली आणि त्याच्या बरगड्यांवर फेकली. 10 इंची ब्लेड मिनिटाला 2880 फेरे घेतं, तेव्हा दातांचा वेग ताशी साधारण 138 किलोमीटर असतो. पोरगा आठ दिवस अंथरुणात होता. त्या आठ दिवसांत मी मशीनला हात लावला नाही.

अशा वेळी वाचवते ती ब्लेडमागे उभी राहणारी पोलादी पट्टी, रिव्हिंग नाइफ. ती फट मिटू देत नाही. जुन्या मशीनला ती बहुधा नसते, म्हणून मशीनचा निकाल तिच्यावर लावा. तुमच्या मशीनचं टेबल वर-खाली होत असेल आणि ब्लेड जागेवर स्थिर असेल, तर पट्टी खालच्या सांगाड्याला बोल्टने बसवता येते. आमच्यासारखं ब्लेडच वर-खाली होत असेल, तर शाफ्ट धरणाऱ्या दांडीवरच ती बसली पाहिजे, म्हणजे ब्लेडबरोबर हलेल. आम्ही दांडीला ब्रॅकेट करून घेतला. आमच्या ब्लेडच्या पाटीची जाडी 2.2 मिलिमीटर, दातांनी पडणारा काप 3.2 रुंद, म्हणून पट्टी दोन्हींच्या मधली, 2.5 ची. दातांपासून अंतर 3 ते 8 मिलिमीटर, उंची ब्लेडपेक्षा जराशी कमी. दांडीवर जागा नसेल, किंवा बसवलेली पट्टी हाताने हलत असेल, तर मशीन बदला. तिथे पैशांचा विचार करू नका.

बदलण्याचं दुसरं कारण म्हणजे काम बदलणं. दिवसभर 8 बाय 4 ची प्लाय कापायची असेल तर सरकत्या टेबलाचं पॅनेल सॉ हवं. पण शीट ब्लेडच्या अलीकडे आठ फूट आणि पलीकडे आठ फूट जाते, आणि मोठ्या मशीनला बहुतेक वेळा थ्री फेज लागतं. मुंबईच्या गाळ्यात आधी टेप लावा, मीटर बघा, मगच दुकानात जा. आमचा गाळा 18 बाय 11 आहे. आम्ही प्लाय दुकानातूनच कापून आणतो.

बोट लागताच 5 मिलिसेकंदांच्या आत ब्लेड थांबवणारी सॉस्टॉपसारखी मशीनं आहेत. परवडत असेल तर जरूर घ्या. एकदा ब्रेक लागला की त्याचं कार्ट्रिज नवीन घालावं लागतं आणि ब्लेडही बहुधा जातं. लाकूड फार ओलं असेल तर ब्रेक उगाचही लागू शकतो, म्हणून पावसाळ्यात लाकूड वाळवूनच वापरा.

आणि जुनं मशीन भंगारात देणार असाल तर शाफ्ट काढून ठेवा. नाहीतर दुसऱ्या कुठल्यातरी गाळ्यात ते तसंच उभं राहील, आणि त्याच्यापुढे आमच्यासारखाच एखादा पोरगा उभा असेल.