पियानो सॉफ्टवेअरमध्ये टच नीट कसा बसवायचा

डिजिटल पियानो स्वतःच्या आवाजात मस्त वाजतो, पण लॅपटॉपला जोडून सॉफ्टवेअरचा पियानो लावला की एकतर सगळं अंगावर येतं नाहीतर कितीही जोर लावा, आवाज दबलेलाच. मग लोक सॉफ्टवेअरलाच नावं ठेवतात. बहुतेक वेळा चूक त्याची नसते, वेलॉसिटी कर्व्ह, म्हणजे किती जोराला किती आवाज द्यायचा ते ठरवणारी सॉफ्टवेअरमधली रेघ, आपल्या कीबोर्डशी जुळलेला नसतो एवढंच.

पियानोची की (पट्टी) किती वेगाने खाली गेली ते मिडीमधून, म्हणजे कीबोर्ड आणि लॅपटॉप ज्या भाषेत बोलतात तिच्यातून, 1 ते 127 अशा आकड्यात जातं. तुमच्या मधल्या जोराला एक कीबोर्ड 60 पाठवेल, दुसरा 90, आणि सॉफ्टवेअरला त्यातलं काहीच माहीत नसतं.

म्हणून कर्व्हला हात लावायच्या आधी मोजा. पियानोची टच सेटिंग मीडियमवर ठेवा, लोकल कंट्रोल ऑफ करा म्हणजे आतला आवाज मध्ये येणार नाही, व्हॉल्यूम एकदा ठरवून टाका आणि परत हलवू नका, कारण हेडफोनचा आवाज कमी असला की आपण नकळत जोरात वाजवतो आणि मग सगळीच मापं चुकतात. आता हे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर, विंडोजवर मिडी-ऑक्स किंवा मॅकवर मिडी मॉनिटर, उघडा आणि एकच की दहा-बारा वेळा अगदी हळू, मग नेहमीसारखी, मग पूर्ण जोरात दाबा. काळ्या कीजही बघा. आकडे लिहून ठेवा.

समजा पूर्ण जोरातही 105 च्या पुढे जात नाही, तर कर्व्हचं वरचं टोक असं ओढा की 105 आत आलं की बाहेर 127 निघेल. खालच्या टोकाचंही तसंच. दोन्ही टोकं बसल्यावरच मधला भाग. रेघ वर फुगवली की हलक्या हातालाही आवाज मोठा येतो, खाली झुकवली की जास्त जोर लागतो. मध्ये एक-दोनच पॉइंट ठेवा प्लीज, जास्त वळणं दिली की क्रेसेंडोमध्ये (आवाज हळूहळू वाढवत नेताना) तो मध्येच उडी मारतो.

पियानोटेक या पियानो सॉफ्टवेअरमध्ये कॅलिब्रेशनची, म्हणजे कर्व्ह कीबोर्डशी जुळवून घ्यायची सोय आहे, तिथून सुरुवात सोपी जाते. आणि कर्व्ह एकाच ठिकाणी लावा, पियानोच्या सॉफ्टवेअरमध्ये पण आणि डीएडब्ल्यूमध्ये (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) पण लावलात तर काय कुठे बदलतंय ते कळणारच नाही.

शेवटी स्केल नाही, एखादा संथ तुकडा वाजवा ज्यात डावा हात दबून राहायला हवा. तो दबत नसेल तर मधला पॉइंट अजून थोडा खाली घ्या, जमलं की प्रीसेट सेव्ह करा.