अंध-डोळस दोघांनी मिळून खेळायचा गेम कसा करायचा

भावांनो, समजा खासबाग मैदानातल्या कुस्तीचा गेम करायचाय, तर आधी स्क्रीन बंद करून खेळता येतोय का ते बघा, कारण ग्राफिक्स सगळं झाल्यावर आवाज टाकायला गेलं की निम्मा कोड परत लिहावा लागतो.

आवाजावर जास्त वेळ घालवा. समोरचा पैलवान डावीकडं सरकला तर त्याच्या पावलांचा आवाज डाव्या कानात, जवळ आला की मोठा, आणि मागं गेला तर जरा दबका करा, नुसत्या स्टिरिओत पुढचं-मागचं कळतच नाही. प्रत्येक डावाला वेगळा छोटा आवाज द्या. हलगी कितीही भारी वाटू दे, तिचा व्हॉल्यूम वेगळा कमी करता आला पाहिजे, नाहीतर पावलं ऐकूच येत नाहीत.

मेन्यू फक्त कीबोर्डवर चालला पाहिजे. अक्षरं चित्रात टाकू नका, एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) फुकट आहे, मराठीपण वाचतो, पण त्याला टेक्स्ट लागतो. गोडो या गेम बनवायच्या इंजिनमध्ये ४.५ व्हर्जनपासून स्क्रीन रीडरचा सपोर्ट आलाय, मेन्यूसाठी बघा.

डोळसांसाठी चित्रं ठेवाच की! आणि टेस्टिंगला अंध खेळाडू सुरुवातीपासून घ्या, त्यांच्या वेळेचे पैसेही द्या.